‘पॅरामाउंट’ : वर, पण कुणाच्या?

देवगडच्या हापूसची पेटी ‘सुपीरियर क्वालिटी’ची असते, दिल्लीतले न्यायालय ‘सुप्रीम’ असते. पण आंब्याला किंवा न्यायालयाला ‘पॅरामाउंट’ म्हणताना कुणी आढळत नाही. इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला, तर या तिन्ही विशेषणांपुढे अर्थांची रांग जवळजवळ सारखीच लागलेली दिसते : श्रेष्ठ, सर्वश्रेष्ठ, सर्वोच्च, परमोच्च. त्यावर विसंबून एखाद्या विद्यार्थ्याने निबंधात सचिन तेंडुलकरला ‘पॅरामाउंट बॅट्समन’ करून टाकले, तर व्याकरणाची एकही चूक नसताना वाक्य इंग्रजी कानाला खटकते. उलट ‘प्रवाशांची सुरक्षितता पॅरामाउंट आहे’ हे वाक्य विमान कंपन्यांच्या निवेदनांत सर्रास असते आणि ते कुणालाही खटकत नाही.

तेंडुलकरची गुणवत्ता मोजायला हे विशेषण उपयोगाचे नाही, कारण गुणवत्ता मोजण्यासाठी ते घडलेच नव्हते. ‘पॅरामाउंट’ बोलते ते क्रमाविषयी. दोन हक्क, दोन कर्तव्ये किंवा दोन सत्ता समोरासमोर आल्या, तर वाट कुणी सोडायची, एवढेच ते सांगते. सुरक्षितता आणि वेळापत्रक यांचा खटका उडाला तर विमान उशिरा सुटेल, असे त्या निवेदनाचे म्हणणे असते. जिथे असा खटका संभवतच नाही, तिथे हा शब्द पोकळ वाटतो. त्याला ही सवय लागली ती जमिनीच्या हक्कांवरून झालेल्या भांडणांत. तीच सवय घेऊन तो पुढे राजदरबारांत, वसाहतींत आणि कोर्टकचेऱ्यांत वावरला, आणि मराठी मुलखालाही त्याचा हिसका चांगलाच बसला.

डोंगर आणि दरी

लॅटिनमध्ये ‘मॉन्स’ म्हणजे डोंगर. ‘डोंगराकडे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दजोडीतून जुन्या फ्रेंचमध्ये ‘अमाँ’ हा शब्द तयार झाला. त्याचा अर्थ वरच्या बाजूला. त्याच धर्तीवर ‘दरीकडे’ या अर्थाच्या जोडीतून ‘अव्हाल’ झाला, म्हणजे खालच्या बाजूला. आजही फ्रेंच माणूस नदीच्या उगमाकडच्या अंगाला ‘अमाँ’ आणि मुखाकडच्या अंगाला ‘अव्हाल’ म्हणतो. या दोन्हींच्या आधी ‘पार’ लागून ‘वरच्या अंगाने’ आणि ‘खालच्या अंगाने’ अशी दोन क्रियाविशेषणे झाली. नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले आणि तिथल्या कायद्याच्या कामकाजात पुढे कित्येक शतके एक प्रकारची फ्रेंच चालत राहिली. त्या कचेरीतल्या फ्रेंचमधून हे दोन्ही शब्द इंग्रजीत उतरले : पॅरामाउंट आणि पॅराव्हेल.

त्या काळच्या इंग्लंडात कायद्याने सगळी जमीन राजाची. राजाकडून ती बड्या सरदारांनी धरायची, त्यांच्याकडून लहान सरदारांनी, त्यांच्याकडून आणखी लहानांनी. मधला प्रत्येक जण वरच्याचा ताबेदार आणि खालच्याचा धनी. ज्याच्यावर आणखी कुणी धनी उरत नाही, तो ‘लॉर्ड पॅरामाउंट’. ज्याच्या खाली आणखी कुणी नाही आणि ज्याच्या हाती प्रत्यक्ष जमीन आहे, तो ‘टेनंट पॅराव्हेल’. वरचा धनी शूर आहे की भेकड, न्यायी आहे की लबाड, याविषयी शब्दाला काही म्हणायचे नव्हते. त्याला फक्त जागा ठाऊक होती.

त्या जागेचे फायदे मात्र रोकडे होते. एखादा ताबेदार वारस न ठेवता मेला, तर त्याची जमीन वरच्या धन्याकडे परत जाई. हा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पाचशेहून अधिक वर्षांनी त्याचाच एक भाऊबंद साताऱ्यात येऊन उभा राहिला. मधल्या लोकांनी नवनवे पोटताबेदार नेमून ही साखळी लांबवत नेली, तसे वरच्यांचे हक्क बुडू लागले. तेव्हा इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२९० मध्ये कायदा करून साखळीत नव्या कड्या घालायला बंदी केली.

पुढच्याच वर्षी याच एडवर्डने हा जमिनीचा हिशेब एका अख्ख्या राज्याला लावला. स्कॉटलंडची गादी रिकामी पडली होती आणि तेरा दावेदार भांडत होते. निवाडा करायला एडवर्डला बोलावले गेले. नॉरमच्या बैठकीत त्याने आधी अट घातली की, आपण स्कॉटलंडचे वरिष्ठ धनी आहोत हे सगळ्यांनी मान्य करावे. गादीच्या आशेने दावेदारांनी ते कबूल केले. नोव्हेंबर १२९२ मध्ये जॉन बॅलिअल राजा ठरला, आणि थोड्याच दिवसांत आपल्या दरबारच्या निकालांवरची अपिले इंग्लंडात चालतात, हे त्याला कळून चुकले. एडवर्डच्या कागदपत्रांत त्याच्यासाठी लॅटिन ‘सुपीरियर’ हा शब्द आहे. इंग्रजी इतिहासकार मात्र त्याला ‘लॉर्ड पॅरामाउंट ऑफ स्कॉटलंड’ म्हणत आले. गुणवत्तेचा इथे प्रश्नच नव्हता. अपील कुणाकडे जाते, एवढाच प्रश्न होता.

शब्दातला डोंगर आज बहुतेकांना दिसतो तो सिनेमाच्या पडद्यावर. डब्ल्यू. डब्ल्यू. हॉडकिन्सन यांनी १९१४ मध्ये चित्रपट वितरणासाठी काढलेल्या कंपनीने पॅरामाउंट हे नाव घेतले आणि बोधचिन्ह म्हणून बर्फाळ शिखर घेतले, ते आजतागायत टिकले आहे. या कंपनीचे नाव अमेरिकेच्या कायद्याच्या पुस्तकांतही अजरामर झाले, पण हरल्यामुळे. चित्रपट बनवणे, वाटणे आणि दाखवणे हे तिन्ही धंदे बड्या कंपन्यांनी एकाच मुठीत ठेवणे मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही, असा निकाल १९४८ मध्ये लागला आणि त्यांना आपली चित्रपटगृहे वेगळी काढावी लागली. सुप्रीम कोर्टापुढे पॅरामाउंटचे काही चालले नाही.

‘टु’, ‘दॅन’ आणि ‘मोअर’

वापराच्या अंगाने पाहिले, तर श्रेष्ठत्वाच्या या तीन इंग्रजी विशेषणांची घडणच वेगवेगळी आहे. ‘सुपीरियर’ हे लॅटिनमधले तर-भाव दाखवणारे रूप. सीनियर, ज्युनियर, इन्फीरियर ही त्याचीच भावंडे. म्हणून त्याला दुसरी बाजू लागते, आणि ती ‘दॅन’ने न जोडता ‘टु’ने जोडायची असते. शाळेतल्या इंग्रजीच्या पेपरात या एका ‘टु’वर पिढ्यान्‌पिढ्यांचे गुण गेले आहेत. ‘सुप्रीम’ हे त्याच मुळाचे तम-भावी रूप, म्हणजे सर्वांत वरचे. या दोघांच्या मुळाशी असलेला लॅटिन ‘सुपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ हे एकाच घराण्यातले. त्यामुळे मराठीत ‘सर्वोपरी’ लिहिताना या लॅटिन शब्दाचा नातेवाईक आपोआपच वाक्यात येऊन बसतो.

‘पॅरामाउंट’ मात्र तर-तम या शिडीवर कधी चढलाच नाही. तो मुळात क्रियाविशेषण, अर्थ नुसता ‘वर’. म्हणून काळजीपूर्वक लिहिणारे लोक ‘मोअर पॅरामाउंट’ किंवा ‘मोस्ट पॅरामाउंट’ लिहीत नाहीत. एका साखळीत ज्याच्यावर कुणी नाही असा एकच असतो. त्याच्याहून अधिक वरचा निघाला, तर पहिला पॅरामाउंट नव्हताच, एवढाच त्याचा अर्थ.

आजच्या इंग्रजीत हा शब्द मुख्यतः तीन घरांत राहतो. पहिले, वाक्याच्या शेवटी विधेय म्हणून : अमुक गोष्ट पॅरामाउंट आहे. दुसरे, ठरावीक नामांच्या आधी : महत्त्व, कर्तव्य, चिंता, विचार, हित अशी ती नामे. ‘ऑफ पॅरामाउंट इम्पॉर्टन्स’ हा त्यातला सर्वांत घासलेला प्रयोग, आणि बहुतेक वेळा तिथे ‘फार महत्त्वाचे’ याहून अधिक काही म्हणायचे नसते. तिसरे घर पदव्यांचे : पॅरामाउंट पॉवर, पॅरामाउंट चीफ. शब्दाची खरी धार या तिसऱ्या घरात दिसते.

एक गल्लत मात्र नेहमीची. ‘टँटमाउंट’ हा शब्द कानाला सख्ख्या भावासारखा वाटतो आणि घाईत एकाच्या जागी दुसरा लिहिला जातो. तो ‘तेवढाच भरणे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दजोडीतून आला आहे. एखाद्या प्रसंगी गप्प बसणे हे संमती देण्यासारखेच, असे म्हणायचे असेल तेव्हा तो लागतो. एक शब्द बरोबरी सांगतो, दुसरा बरोबरी नाकारतो. दोघांच्या पोटात डोंगर तेवढा एकच आहे, आणि ‘अमाउंट’ म्हणजे रक्कम, हा शब्दही त्याच डोंगराच्या चढावरून आलेला आहे.

पेशव्यांची रिकामी जागा

हिंदुस्थानात या विशेषणाला जे वजन आले, ते जगात दुसरीकडे क्वचितच आले असेल. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज १८१३ मध्ये कलकत्त्याला आला. (वॉरन हेस्टिंग्ज तो हा नव्हे.) पुढच्या फेब्रुवारीत त्याने आपल्या खासगी रोजनिशीत धोरण नोंदवून ठेवले : उघड घोषणा न करता, पण प्रत्यक्षात, ब्रिटिश सरकारला हिंदुस्थानात पॅरामाउंट करायचे. नाव दिल्लीच्या बादशहाचेच चालू राहिले तरी त्याची हरकत नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीच्या नाण्यांवर बादशहाचे नाव १८३५ पर्यंत राहिलेच.

मराठ्यांना ही रीत अनोळखी नव्हती. गादी साताऱ्याला आणि कारभार पुण्याला, ही व्यवस्था त्यांनी कित्येक दशके चालवली होती. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्लीत वकील-इ-मुतलकपद मिळवले, तेव्हाही सिंहासन बादशहाचे आणि सूत्रे मराठ्यांची होती. हेस्टिंग्जने नेमकी हीच जागा हेरली. जून १८१७ च्या पुण्याच्या तहात दुसऱ्या बाजीरावाकडून मराठा सरदारांवरचा वडीलकीचा हक्क सोडवून घेण्यात आला आणि बुंदेलखंडावरचे हक्कही कंपनीकडे गेले. वर्षभरात बाजीराव कंपनीचा सेनानी माल्कम याच्या स्वाधीन झाला आणि सालिना आठ लाखांच्या पेन्शनीवर बिठूरला गेला. पेशवाई बुडाली, तशी ‘वर कोण’ ही जागाही रिकामी झाली, आणि त्या जागेवर कंपनी बसली.

तहातल्या त्या कलमाची किंमत पुढे झाशीला कळली. गव्हर्नर जनरल डलहौसीने संस्थानांचे तीन वर्ग पाडले होते : कधीच कुणाच्या अधीन नसलेली, पूर्वी बादशहाला किंवा पेशव्यांना वरिष्ठ मानणारी आणि आता त्या जागी इंग्रजांना मानणारी, आणि इंग्रजांनीच सनद देऊन निर्माण केलेली. पहिल्या वर्गाच्या दत्तकविधानात सरकारला बोलता येत नाही, दुसऱ्यात येते, तिसऱ्यात दत्तक नामंजूरच करावा, असा त्याचा एकूण सूर. झाशीचे नेवाळकर पेशव्यांचे सुभेदार, पेशव्यांचे हक्क कंपनीकडे, म्हणून १८५३ मध्ये गंगाधरराव वारल्यावर दामोदररावांचे दत्तकविधान नाकारण्याचा हक्क कंपनीचा, असा तो हिशेब होता. सातारचे राज्य तर १८१९ च्या तहाने कंपनीनेच उभे केलेले. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले आणि राज्य खालसा झाले. त्याआधी पदच्युत झालेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले होते. ते राज्य बुडाल्यानंतरही, १८५३ पर्यंत, तिथे दाद मागत राहिले. वारस नसेल तर जमीन वरच्या धन्याकडे, हा इंग्लंडातल्या जहागिरीचा नियम आता राज्यांना लागू झाला होता, आणि दत्तक मुलगा वारस की नाही हे ठरवणारा धनीच होता.

१८५७ च्या उठावानंतर खालसा धोरण थांबले, पण शब्द उतरला नाही. उलट तो अधिकृत झाला. पॅरामाउंट पॉवर म्हणजे ब्रिटिश राजसत्ता, आणि या सगळ्या नात्याचे नाव ‘पॅरामाउंट्सी’. मराठी इतिहासलेखनात त्यासाठी सार्वभौम सत्ता, अधिसत्ता असे शब्द येतात. तिचा अंमल कसा चाले, ते बडोद्यात दिसले. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात १८७४ मध्ये विष घातल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला. चौकशीला सहा जणांचे मंडळ बसले : तीन इंग्रज, तीन हिंदी. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे होते. मते बरोबर तीन-तीन पडली. आरोप सिद्ध झाला नाही, तरी सरकारने मल्हाररावांना कुशासनाचे कारण देऊन एप्रिल १८७५ मध्ये दूर केले. त्यांच्या जागी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा एक मुलगा दत्तक आला. तेच सयाजीराव महाराज.

वरिष्ठत्वाचा हा क्रम रोजच्या व्यवहारात तोफांनी मोजला जाई. बादशहाला १०१ तोफा, व्हाइसरॉयला ३१, हैदराबाद, म्हैसूर, बडोदा अशा मोजक्या संस्थानांना २१, कोल्हापूरला १९. अंगविक्षेपही याच हिशेबात धरले जात. १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव पाचव्या जॉर्जपुढे थोडक्यात लवले आणि मागे मागे चालत जाण्याऐवजी पाठ फिरवून निघाले, एवढ्यावरून विलायतेपर्यंत गहजब झाला आणि त्यांना खुलासा करावा लागला.

शब्दाचा अर्थ स्पष्ट सांगा, असा आग्रह शेवटी वऱ्हाडाने धरायला लावला. निजामाने १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले होते. व्हाइसरॉय कर्झनने १९०२ मध्ये सालिना २५ लाखांवर त्याचा कायमचा पट्टा करून घेतला. पुढचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९२३ पासून ते परत मागायला सुरुवात केली आणि आपला दावा बरोबरीच्या नात्याने मांडला : परराष्ट्र व्यवहार सोडल्यास अंतर्गत बाबतीत हैदराबाद स्वतंत्र, तेव्हा हा दोन सरकारांमधला वाद. २७ मार्च १९२६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगचे उत्तर गेले. त्याचा मथितार्थ असा की, हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्तेहून वर कुणी नाही, कुठलाही संस्थानिक तिच्याशी बरोबरीने वाटाघाट करू शकत नाही, आणि हे वरिष्ठत्व तहांवरही अवलंबून नाही.

तह नाही तर मग कशावर, हा प्रश्न संस्थानिकांना पडणे साहजिक होते. त्यांच्या समाधानासाठी १९२७ च्या डिसेंबरात सर हार्कोर्ट बटलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. संस्थानिकांनी लंडनचे नामांकित बॅरिस्टर सर लेस्ली स्कॉट यांना उभे केले. १९२९ च्या अहवालात समितीने व्याख्या द्यायचे टाळले. पॅरामाउंट सत्ता ही पॅरामाउंटच राहिली पाहिजे, काळाप्रमाणे तिच्या गरजा बदलतील, एवढेच तिने सांगितले. शब्दाचा अर्थ म्हणून तोच शब्द पुढे आला. सातशे वर्षांपूर्वीच्या जमीनदारीला हे उत्तर अगदी शोभले असते.

ज्याची व्याख्याच नाही, ते दुसऱ्याला द्यायचे कसे, ही अडचण सत्तांतराच्या वेळी आली. मे १९४६ मध्ये कॅबिनेट मिशनने जाहीर केले की, पॅरामाउंट्सी नव्या सरकारांकडे सोपवली जाणार नाही, ती संपेल. १९४७ च्या स्वातंत्र्याच्या कायद्यात सातव्या कलमाने तसेच झाले. १५ ऑगस्टला साडेपाचशेहून अधिक संस्थानांच्या वर कायद्याने कुणीच राहणार नव्हते. सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांनी त्याआधीच्या थोड्या आठवड्यांत संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण या तीन विषयांपुरत्या सामीलनाम्यांवर बहुतेक सह्या मिळवल्या, त्या ही पोकळी भरायला. निजामाने सही केली नाही. त्याच्या राज्यातल्या मराठवाड्याला भारतात येण्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली.

राजाला ‘चीफ’ करण्याची युक्ती

आफ्रिकेत ब्रिटिशांनी हेच विशेषण उलटे वापरले. तिथल्या राजांना ‘किंग’ म्हणणे गैरसोयीचे होते, कारण साम्राज्यात किंग एकच, आणि तो लंडनला. म्हणून त्यांना ‘पॅरामाउंट चीफ’ ही पदवी देण्यात आली : टोळीनायकांमध्ये सर्वांत वरचा. शब्द उंच, पण ज्या साखळीत तो ठेवला, ती साखळीच खालची. बासुटोलँडच्या राजघराण्याने ही पदवी स्वातंत्र्यापर्यंत वागवली. १९६६ मध्ये देश लेसोथो झाला, तेव्हा पॅरामाउंट चीफचा राजा झाला. स्वाझीलँडच्या दुसऱ्या सोभुझालाही इंग्रजांच्या दप्तरात ‘किंग’ व्हायला १९६७ उजाडले. सिएरा लिओनमध्ये ही पदवी आजही कायद्याने चालू आहे आणि तिथल्या संसदेत पॅरामाउंट चीफ लोकांसाठी राखीव जागा आहेत.

केनियात याच शब्दाने हिंदी लोकांचा दावा फेटाळला गेला. तिथे स्थायिक झालेले हिंदी लोक गोऱ्यांच्या बरोबरीने मताधिकार आणि डोंगराळ प्रदेशातल्या सुपीक जमिनी घेण्याचा हक्क मागत होते. लंडनला गेलेल्या शिष्टमंडळांत व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री होते. गोरे वसाहतवाले तर बंडाची भाषा बोलत होते. जुलै १९२३ मध्ये वसाहतमंत्री ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनी तोडगा काढला : केनिया हा आफ्रिकी लोकांचा मुलूख आहे, त्यांचे हित पॅरामाउंट, आणि बाहेरून आलेल्यांच्या हिताशी त्याचा संघर्ष झाला तर आफ्रिकी हित वरचढ ठरेल.

वाक्य उदात्त होते. त्याच्या आधाराने गोऱ्यांची स्वराज्याची मागणी नाकारली गेली, आणि हिंदी लोकांना समान मतदारयादीही मिळाली नाही, डोंगराळ जमिनीही नाहीत. विधिमंडळात गोऱ्यांना ११ आणि हिंदी लोकांना ५ जागा मिळाल्या. ज्यांचे हित सर्वांच्या वर होते, त्या आफ्रिकी लोकांतर्फे बोलायला एक मिशनरी नेमला गेला. त्यांच्यातला पहिला सभासद, एलिउड माथू, १९४४ मध्ये आत आला. दरम्यान १९३१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने त्या शब्दाचा अर्थही पातळ केला : बहुसंख्य स्थानिकांचे हित दुसऱ्या वंशाच्या अल्पसंख्याकांच्या हिताखाली दबू नये, इतकाच.

मुलाचे हित

आज हा शब्द सर्वाधिक गांभीर्याने वापरला जातो तो मुलांच्या ताब्याच्या खटल्यांत. इंग्लंडच्या १९२५ च्या कायद्यात मुलाचे कल्याण हा ‘फर्स्ट अँड पॅरामाउंट’ विचार, असे शब्द होते. त्यातल्या ‘फर्स्ट’ने घोळ घातला. पहिला विचार म्हटला की दुसरा आणि तिसराही असणार, आणि ते तराजूत टाकावे लागणार, असा अर्थ निघू शकत होता. १९८९ च्या कायद्यात ‘फर्स्ट’ गाळला आणि ‘पॅरामाउंट’ एकटा ठेवला. भारतात १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याच्या १३ व्या कलमात तो सुरुवातीपासूनच एकटा आहे. आईवडील दोघेही हक्क सांगत असतील तेव्हा न्यायालय या कलमाच्या आधारे हक्काचा प्रश्न बाजूला ठेवून मूल कुठे नीट वाढेल हे पाहते. मराठीत अशा निकालांच्या बातम्यांत ‘मुलाचे हित सर्वोपरी’ असे लिहिले जाते, आणि ते चपखल आहे. ‘सर्वोत्कृष्ट हित’ लिहिले, तर क्रम जाऊन गुणवत्ता येते आणि अर्थ बिघडतो.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात तर या शब्दाची जागा अतिशय मोजूनमापून ठरवली आहे. तिसऱ्या कलमात, म्हणजे मुलांविषयीच्या सर्वसाधारण निर्णयांत, मुलाचे हित हा ‘अ प्रायमरी’ विचार आहे, अनेक प्रमुख विचारांपैकी एक. एकविसाव्या कलमात, दत्तकाच्या बाबतीत, तो ‘द पॅरामाउंट’ विचार होतो. शिक्षा किंवा स्थलांतर यांसारख्या निर्णयांत इतरांची हितेही तोलावी लागतात. दत्तकविधानात मात्र मूल हवे असलेल्या जोडप्याची इच्छा मुलाच्या हितापुढे मागे सरली पाहिजे. भारताने या कराराला १९९२ मध्ये मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेतही अशीच योजना आहे. कर्मचारी नेमताना कार्यक्षमता, पात्रता आणि सचोटी हा पॅरामाउंट विचार. शक्य तितक्या देशांतून माणसे घ्यावीत, याकडे ‘योग्य लक्ष’ द्यायचे. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात आहेत, पण त्यांची भांडणे लागली तर कुणी थांबायचे, ते शब्दांनीच ठरवून दिले आहे.

या एका विशेषणासाठी एका राज्याला दंड भरायची वेळही आली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या १८८९ च्या राज्यघटनेत, राज्यातल्या सगळ्या मुलांच्या शिक्षणाची पुरेशी तरतूद करणे हे सरकारचे पॅरामाउंट कर्तव्य आहे, असे म्हटले आहे. शाळांना पैसा कमी पडू लागला, तेव्हा १९७८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे या शब्दाचा कीस पडला. ‘महत्त्वाचे’ आणि ‘पॅरामाउंट’ एक नव्हेत, हे न्यायालयाने शब्दकोश समोर ठेवून सांगितले, आणि घटनाकारांनी सबंध घटनेत एकाच कर्तव्याला हे विशेषण लावले आहे, याकडे बोट दाखवले. २०१२ मध्ये न्यायालयाने राज्य हे कर्तव्य पार पाडत नसल्याचा पुन्हा निर्वाळा दिला. विधिमंडळाने चालढकल केली. २०१४ मध्ये अवमानाचा ठपका आला आणि ऑगस्ट २०१५ पासून रोज एक लाख डॉलर दंड सुरू झाला. ही रक्कम वेगळ्या खात्यात, शाळांसाठीच ठेवायची होती. पुरेशी तरतूद झाल्याची खात्री पटल्यावर जून २०१८ मध्ये न्यायालयाने हे प्रकरण मिटवले.